मोराबाईचं तळवट

पार्सल चांगलं दोन-अडीच किलोचं होतं. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत परदेशातून काही येणं ही वॉचमनसाठी मोठी बातमी, त्यामुळे मी जिना उतरेपर्यंत ती निम्म्या बिल्डिंगला कळली होती. खोक्यावर स्कॉटलंडचा शिक्का आणि पाठवणारीचं नाव, मोराग. आत एक जाडजूड पुस्तक. तिच्या चाळीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन तिकडे भरलं होतं, त्याचं हे पुस्तक. पानांना नव्या शाईचा वास होता. मला मात्र ते उघडताक्षणी जुन्या बारदानाचा वास आला.

तागाच्या गोणीचा वास ज्यांनी घेतलेला नाही त्यांना तो सांगणं अवघड आहे. थोडं तेल, थोडी धूळ, वाळलेल्या कांद्याचा उग्रपणा, आणि ओल धरलेल्या थप्पीतून येणारा आंबूस भपकारा. लग्न होऊन लासलगावला गेले तेव्हा पहिले पंधरा दिवस मला त्या वासाने मळमळायचं. सासरचा धंदाच बारदानाचा. फाटक्या गोण्या आणायच्या, झटकायच्या, शिवायच्या आणि पुन्हा कांदा भरायला द्यायच्या. शेजारणींना माझी मळमळ कळली तेव्हा त्यांनी भलताच अर्थ काढला आणि काही आंबटचिंबट हवं का म्हणून विचारायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत! मी लाजेने चार दिवस ओट्यावरसुद्धा आले नाही.

आता तिथे तागाची गोणी औषधालाही सापडत नाही. लाल जाळीच्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. त्यांना वास नाही, आणि फाटल्या की त्या फेकून देतात. मामंजी गेले, गाळा विकला, आम्ही नाशिकला आलो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता फ्लॅटच्या गॅलरीत बसून समोरच्या झाडावरच्या साळुंक्या बघत असतात. दाभण धरून धरून त्यांची बोटं वाकडी झाली आहेत, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो.

या हातांची एकेकाळी काय ऐट होती! दुपारी गाळ्यात आत्याबाई आणि कामाच्या दोन बाया मांडीवर गोणी ओढून बसायच्या. दाभण तागातून जाताना खस्स व्हायचं आणि मग सुतळी ओढल्याचं लांबलचक सुर्र. बाहेर लिलावाचा गलका, ट्रॅक्टरच्या रांगेतले हॉर्न, पलीकडे रेल्वेच्या वॅगनी लागल्याचा धडधडाट. आत नुसतं खस्स आणि सुर्र. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत सगळ्या गावभर पापुद्रे उडायचे आणि दाराशी गुलाबी ढीग साचायचा, तो मी दिवसातून तीनदा झाडायची. आत्याबाई भोकाकडे नुसतं बघून सांगायच्या, हे उंदराचं, हे हमालाच्या आकड्याचं, हे ओल लागून कुजलेलं. त्यांचं शिवण गाळ्यात कुणीही ओळखायचं, कारण त्यात गाठ नसायची. सुरुवातीचं टोक पहिल्या टाक्यांखाली दाबायचं आणि शेवटचं टोक चार टाक्यांखालून मागे फिरवून गडप करायचं. "गाठ टोचती कांद्याला," त्या म्हणायच्या. कांद्याला टोचू नये म्हणून एवढी काळजी घेणारी बाई मला मात्र सकाळपासून टोचत असायची, पण ते असो.

अशा त्या गाळ्यात, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, मोराग येऊन उभी राहिली. नाशिकचे एक चित्रकलेचे सर तिला कांदा मार्केट दाखवायला घेऊन आले होते. पस्तिशीची, ताडमाड, उन्हाने नाक लाल झालेलं, पायात गड्यांचे असतात तसे बूट. मार्केट राहिलं बाजूला, फाटक्या गोण्यांच्या थप्पीसमोर ती जी उभी राहिली ती हलेनाच. सरांनी मामंजींना विचारलं, यांना काही महिने इथे काम करायचंय, वरची खोली मिळेल का?

"ऱ्हाऊ द्या की," मामंजी म्हणाले. "पण बाई करत्यात काय?"

"चित्रकार आहेत."

मामंजींनी दारावरच्या पोपडे उडालेल्या पाटीकडे पाहिलं. "मग तेवढी पाटी रंगवून देतील आपली."

ती पाटी शेवटपर्यंत तशीच राहिली.

घरात इंग्रजी समजणारी मी एकटी, तीही बी.ए.पुरती. म्हणून लग्नाला वर्ष झालं नव्हतं तरी मला दिवसभर गाळ्यात बसायची मुभा मिळाली. मोरागचं गावाने दोन दिवसांत मोराबाई करून टाकलं. माझं ऐकून तीही सासूबाईंना आत्याबाई म्हणू लागली. दुपारी ती त्यांच्याशेजारी गोणी घेऊन बसायची, बोटात दाभण घुसवून घ्यायची, आत्याबाई हळद दाबायच्या आणि ती पुन्हा बसायची. हळूहळू तिची गोष्ट मला कळत गेली आणि मी ती मराठीत करून सगळ्यांना सांगत गेले.

तिचं गाव उत्तरेकडच्या समुद्रावरचं. वडील मासेमारी करायचे, मावशी धक्क्यावर बसून इतर बायकांबरोबर जाळी सांधायची. मोराग ग्लासगोला चित्रकला शिकायला गेली, समुद्राची मोठाली चित्रं काढू लागली, वाहवा मिळवू लागली. दरम्यान मासे कमी झाले, बोटी भंगारात गेल्या. एका सुट्टीत ती घरी आली तर जाळी पडवीत कुजत लोंबत होती. तिने रंग बाजूला ठेवले आणि कोळशाने त्या जाळ्यांची फाटलेली ठिकाणं काढली, जेवढ्यास तेवढी. पहिलं प्रदर्शन त्याचंच. लोक म्हणाले, यात चित्र कुठे आहे?

"बरोबर बोलले की लोक," आत्याबाई दाताने सुतळी ओढत म्हणाल्या. मी याचं इंग्रजी केलं तेव्हा मोराग एवढी हसली की तिच्या मांडीवरची गोणी घसरली.

गोणी उसवून सपाट करायची आणि एकाला एक जोडून मोठी चादर करायची, खळ्यावर अंथरायला, तिला आमच्याकडे तळवट म्हणतात. मोरागने चोवीस गोण्या निवडल्या, सगळ्यांत फाटक्या, आणि त्यांचं तळवट केलं. भोकांना हात लावला नाही. ते तिने गाळ्याच्या मावळतीकडच्या दारात पडद्यासारखं टांगलं. संध्याकाळी ऊन खाली आलं की त्या शेकडो भोकांतून आत उजेड पडायचा. धूळ तरंगताना दिसायची. जमिनीवर तिने पांढरे कागद पसरलेले असायचे, आणि उजेडाचे ठिपके सरकायच्या आत ती गुडघ्यांवर रांगत एकेक ठिपका कोळशाने आखून घ्यायची. रोज नवा कागद. पौषातले ठिपके लांबट, फाल्गुनातले आखूड. गाळ्यातलं काम तेवढी वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. कुणी थांबवलं नव्हतं, आपोआप थांबायचं. आत्याबाई सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायच्या. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, उजेडाचा एक ठिपका त्यांच्या पावलावर पडला होता आणि मोराग तो आखून संपवेपर्यंत त्या पाय न हलवता उभ्या होत्या.

एवढा आनंद मला त्या गाळ्यात पुन्हा कधी झाला नाही. मला वाटतं, आमच्या कुणालाच झाला नाही.

चैत्रात तिचा मुक्काम संपत आला. कागदपत्रांसाठी तिला आठ दिवस मुंबईला जायचं होतं, मग परत येऊन दोन दिवस राहायचं आणि तळवट गुंडाळून घरी. निघताना तिने मला बाजूला घेतलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली की ही भोकं हेच माझं काम आहे, पाच महिन्यांचं. याला कुणी हात लावू नये. आत्याबाईंना एवढं सांग.

मी मान डोलावली. सगळं समजलं होतं, शब्द न् शब्द.

आणि मी सांगितलं नाही. सासूला काय सांगायचं, तुमच्याच गाळ्यात तुमच्याच बारदानाला हात लावू नका म्हणून? ते वाक्य मी भाकरी थापताना जुळवलं, पाणी भरताना जुळवलं, त्यांच्या केसांना तेल लावताना तर अगदी ओठांवर आणलं. नव्या सुनेच्या तोंडून ते बाहेर पडेना. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी तळवट दारातून उतरवलं आणि दोन्ही बायांना हाक मारली.

"मोराबाई आपल्या घरी चालली," त्या म्हणाल्या. "पाच महिने ऱ्हायली, लेकीवानी. तिची पाठवणी काय फाटक्या तळवटावर करायची? दाणा टिकंल का त्यात?"

तेव्हा तरी बोलायचं. तोंडाला कुलूप लागलं होतं. पाच दुपारी त्या तिघी शिवत होत्या, टोकं मात्र सगळी आत्याबाईच गडप करत होत्या, खस्स आणि सुर्र, आणि शेवटच्या दिवशी वेळ कमी पडायला लागला तेव्हा मी शेजारी बसून दाभणात सुतळी ओवून दिली. हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

मोराग परत आली ती संध्याकाळची. आत्याबाईंनी तळवट पुन्हा दारात टांगलं होतं आणि त्या लहान पोरीसारख्या तिच्याकडे बघत उभ्या होत्या. ऊन खाली आलं. आत उजेडाचा एक ठिपका पडला नाही. मोरागने पुढे होऊन एका टाक्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. मग ती आत्याबाईंकडे वळली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिला येत असलेल्या दहा-बारा मराठी शब्दांतला एक बोलली, "छान." आणि वर निघून गेली.

त्या दिवशी मांडे केले होते. पुरण भरून हातांवर पसरत नेलेले, खापरावर भाजलेले, रुमालासारखे तलम. मोराग ते बनताना बघायला चुलीशी ठाण मांडायची. मी दोनदा वर जाऊन बोलावलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, नको म्हणाली. आत्याबाईंनी तिचं ताट वाढून वर दुसरं ताट झाकून ठेवलं. सकाळी ते तसंच होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिची ओटी भरली, तिने वाकून नमस्कार केला, तळवटाची वळकटी जीपमध्ये चढली, आणि गाळ्याच्या मावळतीच्या दारातून नुसतं ऊन येत राहिलं.

त्यानंतर दर नाताळात तिचं कार्ड यायचं, चार ओळींचं. ते वाचून झालं की आत्याबाई हमखास विचारायच्या, "ती रागावली व्हती का गं? जेवली नाय त्या दिशी."

"नाही हो आत्याबाई, दमल्या होत्या प्रवासाने."

"माझ्या हातून काय चुकलं आसंल?"

"काही नाही चुकलं."

अठ्ठावीस वर्षं. प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि खोटं बोलणारी मीच. मामंजी गेले त्या वर्षीसुद्धा त्यांनी तो विचारला.

तर हे पुस्तक. पहिल्या पानांवर ती जाळ्यांची चित्रं, मग लासलगावचे उजेडाचे कागद, चक्क दहा पानं. कोपऱ्यात एका कागदावर पावलाचा आकार, अंगठ्याशेजारचं बोट जरा लांब. मी ते पाऊल ओळखलं. मागे तिच्या प्रदर्शनांची वर्षवार यादी होती. लासलगावनंतर चार वर्षं त्या यादीत काहीच नव्हतं. माझं बोट त्या कोऱ्या जागेवर अडकलं. एखाद्या माणसाची चार वर्षं आपण खाल्ली असं मला वाटलं.

मग ते पान आलं. मोठं पांढरं दालन, त्यात आमचं तळवट टांगलेलं. भोकं पुन्हा उघडी. प्रत्येक भोकाभोवती दाभणाच्या खुणांचं कडं. तिने सगळं उसवलं होतं, एकटीने, चार हिवाळे, असं शेजारी लिहिलं होतं. आणि तळवटाच्या समोर, पांढऱ्या जमिनीवर, निघालेली सगळी सुतळी ओळीने मांडलेली. त्यानंतरच्या पानांवर ती कुठे कुठे जाऊन आलेली दिसते, कुठे शिडं, कुठे तंबू, आणि सगळीकडे ती शिवणाऱ्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेली. अगदी अलीकडची कामं तळहाताएवढी आहेत. तिचे हात आता थरथरतात, असं तिथे लिहिलंय.

मी पुस्तक मिटलं आणि कपाटात साड्यांच्या खाली सारलं. दाखवायचं तर खरं सांगावं लागणार होतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, शाळेत पोरांना खरं बोला म्हणून दटावणारी, आणि दोन दिवस ते कपाट उघडायची मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई गॅलरीतूनच म्हणाल्या, "मोराबाईचं पुस्तक आलं म्हणं. वॉचमन बोलला. मला नाय दाखवायचं का?"

मी पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. उघडलं नाही. खाली जमिनीवर बसले, त्यांच्या पायाशी, आणि सांगून टाकलं. ती काय म्हणाली होती, मला किती नीट कळलं होतं, मी कसं गप्प बसले, सुतळी कशी ओवून दिली, सगळं. "ती तुमच्यावर नाही, माझ्यावर रागावली असेल," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नव्हतं. मी तुम्हाला इतकी वर्षं उगाच..." पुढचं रडण्यातच गेलं.

आत्याबाईंनी मिटलेलं पुस्तक मांडीवर सरळ केलं. मग म्हणाल्या, "तू सांगितलं असतं, तरी शिवलं असतं मी."

"काय?"

"भोक दिसल्यावर हात थांबतो व्हय? दोन दिस थांबला असता. मग शिवलंच असतं." आणि माझ्या डोक्यावर हलकेच टपली मारून, "रडती कशापायी? दाखव पुस्तक."

मी पानं चाळत तिच्या थरथरणाऱ्या हातांचंही सांगितलं आणि मग तळवटाचं पान काढलं. चित्राखाली लिहिलेलं वाचून दाखवलं. शिवण, गयाबाई, लासलगाव. उसवण, मोराग. आपलं नाव परदेशी पुस्तकात छापलंय याचं आत्याबाईंना काही विशेष वाटलं नाही. त्यांनी पोथी वाचायचं भिंग मागितलं आणि त्या पानावर वाकल्या. उसवलेल्या तळवटाकडे त्यांनी बघितलंच नाही. खाली मांडलेल्या सुतळीवर भिंग धरलं. एक ओळ, दुसरी ओळ. वाकडं बोट सुतळीवरून सरकत होतं आणि ओठ हलत होते. मला भीती वाटायला लागली. इतक्या मायेने शिवलेलं कुणी सगळं उसवून टाकलंय, हे या वयात त्यांना दाखवायला नको होतं असं वाटलं.

"तुकडा नाय एक," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बघ की. सगळी सुतळी सलग हाय. शेवटाला माझा वळसा तसाच." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. खरंच, प्रत्येक सुतळी अखंड होती, टाक्यांच्या वाकांसकट, आणि टोकाशी चार टाक्यांखालून मागे फिरल्याची मुरड. "माझं टोक कुणाला सापडत नाय. त्या दोघी बाया वीस वर्सं संगं बसल्या, त्यांनासुदिक नाय. हिला सापडलं. एकेक टोक हुडकून हातानं काढलंय. कातर लावली नाय कुठं."

मी भिंग पुन्हा एकेका टोकावरून फिरवलं.

"रागावलेलं माणूस कातर लावतं गं," आत्याबाई म्हणाल्या. "ही रागावली नव्हती."

त्यांनी चष्मा काढला, पदराने डोळे पुसले, पुन्हा लावला. अठ्ठावीस वर्षं मी जे उत्तर देत आले होते, ते त्यांनी आज स्वतःच स्वतःला दिलं, आणि त्यांना ते पटलं. खाली भाजीवाल्याची गाडी येऊन गेली. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"फोन आन तुझा," त्या म्हणाल्या. "लिही तिला."

"काय लिहू?"

"हात थरथरतात म्हणती ना? माझेबी वाकडे झाले म्हणावं. पन मांडे माझी सून करंल, मी सांगीन बसल्या बसल्या. ये म्हणावं एकदा." मी लिहायला लागले तशा त्या फोनवर वाकल्या. "तुझं ताट झाकून ठेवलंय म्हणावं."